पैलवान खाशाबा जाधव, अथवा बळाचे ऋण

उरण तालुक्यातील द्रोणागिरी हे ठिकाण आमच्या कित्येक वाचकांच्या पाहण्यात असेल. जेथे पूर्वी भाताची खाचरे व मिठागरे होती, तेथे आता नवी मुंबईचा एक भाग म्हणून उंच इमारती उभ्या राहिल्या आहेत. डोंगर मात्र होता तेथेच आहे, व त्याच्या माथ्यावर जुन्या किल्ल्याचे पडके अवशेषही आहेत. गेल्या हिवाळ्यात आमचा काही दिवस तेथे मुक्काम होता. एके दिवशी सायंकाळी फिरावयास निघालो असता एका मोकळ्या जागेत महाविद्यालयात शिकणारी काही मुले बास्केटबॉल खेळताना आम्ही पाहिली. हा खेळ सन १८९१ मध्ये अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे जेम्स नायस्मिथ नावाच्या शिक्षकाने काढला. ख्रिस्ती तरुणांच्या संघाच्या शाळेत ते व्यायाम शिकवीत असत. जमिनीपासून दहा फूट उंचीवर लोखंडी कडे लावलेले असते व त्यातून चेंडू टाकावयाचा असतो. यास्तव ह्या खेळात उंच मुलांस मोठे मोल असते.

त्या मुलांत एक सहा फुटांहून उंच होता. परंतु इतका सडपातळ की शेवग्याची शेंग चालत आहे असे वाटावे. कड्याजवळ त्याचा हात सर्वांच्या वर पोहोचे. तथापि त्याच्याहून वीतभर ठेंगणा पण भरल्या अंगाचा एक मुलगा खांद्याने त्यास रेटी, आणि हा बिचारा दोन पावले मागे जाई. उंची असूनही चेंडू त्याच्या हाती लागेना. खेळ संपल्यावर तो आमच्याजवळ येऊन बसला. अंग भरले नाही तर पुढच्या वर्षी संघात जागा मिळणार नाही, असे त्यास सांगण्यात आले होते. बाप कंटेनरच्या आवारात मजुरी करणारा, घरात खाणारी पाच तोंडे. ह्या मुलाने ताकदीच्या भुकटीचा एक डबा घेण्यासाठी पैसे साठविण्यास आरंभ केला होता. त्या डब्याच्या किमतीत त्याच्या घरचा आठवड्याचा बाजार आला असता. तो घ्यावा की न घ्यावा, असे त्याने आम्हांस विचारले.

आम्हांस तत्काळ उत्तर सुचले नाही. त्या रात्री मात्र आम्हांस एका कृश विद्यार्थ्याचे चरित्र आठवले, व दुसऱ्या दिवशी सायंकाळी ते आम्ही त्या मुलास सांगितले. तेच येथे वाचकांपुढे ठेवीत आहोत.

खाशाबा दादासाहेब जाधव यांचा जन्म दिनांक १५ जानेवारी १९२६ रोजी सातारा जिल्ह्यात, कऱ्हाडजवळील गोळेश्वर ह्या खेड्यात झाला. कृष्णा व कोयना ह्या नद्यांचा संगम ज्या कऱ्हाडात होतो, त्याच्या लगतच हे गाव आहे. घर शेतकऱ्याचे होते. वडील दादासाहेब हे स्वतः मल्ल असून खाशाबा त्यांच्या पाच मुलांत सर्वांत धाकटे. त्या काळी त्या प्रांतात गावोगावी तालीम असे. तालीम म्हणजे एक अंधारी, बसक्या दाराची खोली. तिच्या मधोमध हौदा व त्यात तांबडी माती. त्या मातीत तेल, हळद, ताक व लिंबाचा रस घालून ती मऊ ठेवीत, म्हणजे अंग खरचटले तरी जखम चिघळू नये. वडिलांनी खाशाबांस अगदी लहान वयात ह्या मातीत उतरविले. आठव्या वर्षी त्यांनी गावच्या नामांकित मुलास दोन मिनिटांत चीत केले असे सांगतात.

परंतु वाचकांनी एवढ्यावरून असे समजू नये की ते जन्मतःच धिप्पाड होते. त्यांची चण लहान होती व ती शेवटपर्यंत लहानच राहिली. उंची बेताची, छाती फार रुंद नव्हे, हातापायांवर मांसाचे ओझे नाही. अनोळखी माणसाने त्यांस रस्त्यात पाहिले असते तर हा कोणी मल्ल असेल अशी कल्पनाही त्याच्या मनात आली नसती. त्यांच्या आयुष्यातील पहिला मोठा अडथळा ह्यामुळेच उभा राहिला.

सन १९४० पासून सन १९४७ पर्यंत त्यांचे शिक्षण कऱ्हाडच्या टिळक हायस्कुलात झाले. ह्याच काळात सन १९४२ ची चळवळ झाली. सातारा जिल्ह्यात ती विशेष पेटली होती. भूमिगत झालेल्यांस आसरा देणे, त्यांचे निरोप पोहोचविणे, अशी कामे ह्या विद्यार्थ्याने केली. देश स्वतंत्र झाला त्या दिवशी परदेशातील ऑलिंपिक सामन्यांत आपल्या राष्ट्राचा ध्वज उंच झालेला पाहावयाचा, असा निश्चय त्यांनी मनाशी केला, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. खेड्यातील शेतकऱ्याच्या मुलाने, ज्याने तोपर्यंत रबरी गादीवर पाऊलही ठेवले नव्हते, असा निश्चय करावा हे ऐकणाऱ्यांस त्या वेळी हास्यास्पद वाटले असेल.

पुढे ते कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात दाखल झाले. कोल्हापूर म्हणजे मल्लांचे माहेरघर. शाहू महाराजांनी तेथे तालमींस आश्रय दिला, व त्यांनीच बांधविलेल्या खासबाग मैदानात हजारो लोक कुस्त्या पाहावयास जमत. अशा नगरात मल्ल म्हणून नाव काढावयाचे तर अंगाने दांडगे असलेच पाहिजे, अशी सर्वांची समजूत. महाविद्यालयाच्या वार्षिक खेळांच्या वेळी खाशाबा आपले नाव द्यावयास गेले, तेव्हा खेळांची व्यवस्था पाहणाऱ्या शिक्षकांनी त्यांच्या शरीराकडे पाहून नाव घेण्यास नकार दिला. अशा किरकोळ मुलास हौद्यात उतरविले तर काही दुखापत व्हावयाची, अशी त्यांस भीती वाटली असावी; त्यात दुष्टपणा नव्हता. खाशाबा वाद घालीत बसले नाहीत. ते सरळ प्राचार्यांकडे गेले व त्यांनी परवानगी मागितली. ती मिळाली. मग त्यांनी आपल्याहून अंगाने मोठ्या असलेल्या मल्लांस एकामागून एक आस्मान दाखविले. त्या दिवसापासून महाविद्यालयात त्यांच्याकडे पाहण्याची दृष्टी पालटली.

येथे आम्ही त्या उंच मुलाचे लक्ष एका गोष्टीकडे वेधले. खाशाबा त्या दिवशी बलवान झाले नाहीत. त्या दिवशी ते केवळ लोकांस दिसले. ज्या बळाने त्यांनी ती कुस्ती जिंकली, ते कित्येक वर्षे गोळेश्वरच्या तालमीत कोणी पाहत नसताना साठत आले होते.

सन १९४८ मध्ये लंडन येथे ऑलिंपिक सामने भरले. कोल्हापूरच्या महाराजांनी प्रवासखर्चास साहाय्य केले व खाशाबा तेथे गेले. त्यांचा वजनगट सर्वांत हलका होता. त्या गटाची कमाल मर्यादा ५२ किलो होती. लंडनला पोहोचल्यावर त्यांच्या ध्यानात आले की आपण शिकलेली कुस्ती व ही कुस्ती ह्यांत पुष्कळ अंतर आहे. मातीत पाय रुततो, घाम माती शोषून घेते, डाव मांडावयास अवकाश मिळतो. गादीवर पाऊल वेगळ्या तऱ्हेने पडते, गुण मोजले जातात, वेळ बांधलेली असते. नियमही त्यांस नवे होते. रीस गार्डनर नावाच्या अमेरिकन कुस्तीगिराने त्यांस तेथे मार्गदर्शन केले. ऑस्ट्रेलियाच्या व अमेरिकेच्या मल्लांस त्यांनी हरविले; इराणच्या मल्लाकडून मात्र ते पराभूत झाले. एकंदरीत त्यांचा सहावा क्रमांक लागला. जो गादीवर कधी खेळला नव्हता त्याने जगात सहावे यावे ही लहान गोष्ट नव्हे. परंतु खाशाबांस तेवढ्याने समाधान वाटले नाही. परत येताच त्यांनी पुढील चार वर्षांची तयारी आरंभली.

आता वाचकांनी एक आकडा ध्यानात ठेवावा. सन १९५२ च्या सामन्यांत खाशाबा वरच्या गटात उतरले. त्या गटाची मर्यादा ५७ किलो होती. म्हणजे दोन गटांतील अंतर अवघे पाच किलो; आणि ते अंतर ओलांडावयास त्यांच्याजवळ चार वर्षे होती. आमच्या तरुण मित्रास चार महिन्यांत दहा किलो हवे होते. जो मल्ल सकाळ-संध्याकाळ तालमीत राबत होता, त्याच्याही अंगाला काळ लागला. मग इतरांनी घाई का करावी?

ही तयारी कशाची असते? कोल्हापूरच्या तालमीत मल्लाच्या व्यायामास मेहनत म्हणतात, व हा शब्द अगदी यथार्थ आहे. पहाटे उठून जोर व बैठका काढावयाच्या. जोराने छाती, खांदे व दंड तयार होतात, बैठकांनी मांड्या व कंबर. दोरावर चढावयाचे, मल्लखांबावर अंग वळवावयाचे, मुद्गल फिरवावयाचे. फावड्याने हौद्याची माती खणून वरखाली करावयाची. हे काम दिसावयास शेतमजुराचे, पण त्याने पाठ व मनगटे अशी घट्ट होतात की दुसऱ्या कशाने व्हावयाची नाहीत. नंतर जोडीदाराशी लढत. मग विश्रांती व खुराक, आणि सायंकाळी पुन्हा तेच. आरंभी थोड्या बैठका, मग हळूहळू अधिक. आज जितके झाले त्याहून उद्या किंचित जास्त. वस्तादाचे सर्व शास्त्र ह्या किंचित शब्दात साठविलेले असते.

अलीकडच्या शरीरशास्त्रानेही हेच सिद्ध केले आहे. आपले स्नायू बारीक तंतूंचे बनलेले असतात. सवयीहून थोडा अधिक भार घातला म्हणजे त्यांवर ताण पडतो, व नंतर विश्रांती आणि अन्न मिळाले म्हणजे ते पूर्वीपेक्षा थोडे जाड व बळकट होऊन उठतात. भार कधीच वाढविला नाही तर शरीरास वाढण्याचे कारण राहत नाही. एकाएकी फार वाढविला तर सांधे व पाठ दुखावतात. म्हणून आठवड्यातून दोन-तीन दिवस भाराचा व्यायाम करावा, मधले दिवस स्नायूंस सावरू द्यावे, व रात्री आठ तास निजावे. स्नायू मैदानात वाढत नाही, अंथरुणात वाढतो, असे म्हटले तरी फारसे चुकणार नाही.

उंच मुलांची अडचण थोडी निराळी असते, तीही येथे सांगतो. लांब दांड्याच्या टोकास बांधलेले ओझे आखूड दांड्याच्या ओझ्याहून जड लागते, हे कावड वाहणारा जाणतो. त्याचप्रमाणे लांब हातापायांच्या मुलास तेच वजन उचलावयास अधिक कष्ट पडतात, व बैठकही अधिक खोल घ्यावी लागते. त्याने शेजारच्या ठेंगण्या मुलाशी आपल्या वजनाची तुलना करून लाजू नये. हलक्या भाराने आरंभ करावा, पाठ सरळ ठेवावी, व मांड्या, कंबर आणि पाठ ह्यांस आधी बळ आणावे. कारण कड्याखाली जो रेटा सोसावा लागतो तो दंडांनी नव्हे, पायांनी व कंबरेने सोसला जातो. शिवाय बास्केटबॉल खेळणारा मुलगा तासन्‌तास धावत असतो. खाल्लेले सर्व तो धावण्यातच खर्च करतो, मग अंगावर काय उरावे? त्याने इतरांहून अधिक खाल्ले पाहिजे, आणि एकदम नव्हे तर दिवसातून चार-पाच वेळा.

खाण्याविषयी त्या मुलाची कल्पना अशी होती की बळ डब्यात मिळते. तालमीतल्या मल्लाचा खुराक दूध, तूप, बदामाची थंडाई व मटण असा असे, व तो गरिबास परवडणारा नव्हे हे आम्ही जाणतो. परंतु शरीरास जे हवे असते ते महाग वस्तूंतच असते असे नाही. बळ वाढविणाऱ्या तरुणास दर किलो वजनामागे दिवसाला सुमारे दीड ते दोन ग्रॅम प्रथिने पुरतात. म्हणजे ६५ किलोच्या मुलास शंभर ग्रॅम किंवा त्याहून थोडी अधिक. एका अंड्यात सुमारे सहा ग्रॅम, पेलाभर दुधात सुमारे आठ, मूठमूठ करून दिवसभरात शंभर ग्रॅम शेंगदाणे खाल्ले तर पंचवीस. डाळ, हरभरा, मटकी आहेतच. आणि ज्याचे घर उरणच्या किनाऱ्यावर आहे त्याने काळजी का करावी? वाळलेल्या बोंबलात तर वजनाच्या निम्म्याहून अधिक प्रथिने असतात. भाकरी, भात, डाळ व बोंबील ह्यांनी भरलेले ताट डब्यातील भुकटीस हार जाणारे नाही. भुकटी म्हणजे विष असे आम्ही म्हणत नाही. ती दुधाचाच एक सुकविलेला अंश असते. पण ज्या घरात धाकट्या भावंडांच्या ताटात डाळ पातळ होते, त्या घरात ती विकत घेणे योग्य नव्हे. आणि कोणी सुई टोचून किंवा गोळ्या देऊन झटपट अंग भरून देण्याचे आमिष दाखवील तर त्याच्या दारातही उभे राहू नये. अशा औषधांनी यकृत व हृदय बिघडून तरुण माणसे प्राणास मुकली आहेत.

असो. आता पुन्हा खाशाबांकडे वळू.

सन १९५२ चे सामने फिनलंड देशात हेलसिंकी येथे व्हावयाचे होते. निवडीच्या वेळी प्रथम त्यांस डावलण्यात आले. आपणावर अन्याय झाला असे त्यांस वाटले, व त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली. पुन्हा कुस्ती लावण्यात आली. खाशाबांनी प्रतिस्पर्ध्यास चीत केले, व त्यांचे नाव यादीत आले. परंतु नाव आले तरी पैसा कोठून यावा? त्या काळी खेळाडूने आपला खर्च बहुतांशी आपणच उभारावयाचा असे. गोळेश्वर व कऱ्हाड येथील लोकांनी यथाशक्ति वर्गणी दिली. ज्यांच्या घरी नाणे दुर्मिळ होते त्यांनीही हात आखडला नाही. तरीही रक्कम पुरेना. तेव्हा राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर ह्यांनी आपले राहते घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. वाचकहो, त्या काळातील सात हजार रुपये! आपल्या विद्यार्थ्याने पदक आणावे म्हणून शिक्षकाने आपले छप्पर सावकारीत टाकावे, अशी उदाहरणे किती सापडतील? तो विद्यार्थी हरून आला असता तर घराचे काय झाले असते, हा प्रश्न त्या सज्जनाने स्वतःस विचारला असेलच. तरीही त्याने सही केली.

इतके ओझे पाठीवर घेऊन खाशाबा हेलसिंकीस गेले. त्यांच्याबरोबर कोल्हापूरचेच दुसरे मल्ल केशव माणगावे हेही त्या सामन्यांत होते. खाशाबांनी कॅनडा, मेक्सिको व जर्मनी येथील मल्लांस एकामागून एक हरविले. ढाक हा त्यांचा आवडता डाव. त्यात प्रतिस्पर्ध्याच्या मानेस व हातास मिठी घालून त्यास कंबरेवरून फेकतात. त्या लहान शरीरातील चपळाई पाहून परदेशी प्रेक्षक थक्क झाले. पुढे जपानचे शोहाची इशी ह्यांच्याशी त्यांची लांब व दमविणारी कुस्ती झाली. तीत खाशाबा हरले. त्या कुस्तीनंतर विसावा न देताच त्यांस सोव्हिएत संघाचे रशीद मम्मदबेयोव ह्यांच्याशी लढावयास बोलाविले गेले. दोन कुस्त्यांमध्ये अर्ध्या तासाची विश्रांती मिळावी असा नियम असताना ती मागावयास त्यांच्या बाजूचा कोणी अधिकारी तेथे हजर नव्हता, असे सांगतात. थकलेल्या अंगाने ते पुन्हा उभे राहिले व हरले. इशी ह्यांस सुवर्ण, मम्मदबेयोव ह्यांस रौप्य, व खाशाबांस कांस्यपदक मिळाले. तो दिवस २३ जुलै १९५२ हा होता. स्वतंत्र भारताच्या एकट्या खेळाडूने मिळविलेले ते पहिले ऑलिंपिक पदक. त्यानंतर तसे दुसरे पदक देशास सन १९९६ मध्ये, म्हणजे ४४ वर्षांनी मिळाले. ह्यावरून त्याचे मोल वाचकांनी जाणावे.

खाशाबा परत आले तेव्हा कऱ्हाडच्या परिसरात सणासारखा आनंद झाला. १५१ बैलगाड्यांची मिरवणूक निघाली, व एरवी थोड्या वेळात चालून होणारी वाट त्या दिवशी कित्येक तास पुरली, असे लोक आजही सांगतात. परंतु आमच्या मते त्यांच्या चरित्रातील सर्वांत मोठी गोष्ट ही मिरवणूक नव्हे, व ते पदकही नव्हे. मिरवणूक ओसरल्यावर खाशाबांनी कोल्हापुरात कुस्त्यांचे मैदान भरविले. त्यात ते स्वतः लढले, कुस्त्या जिंकल्या, आणि मिळालेल्या पैशांतून त्यांनी प्राचार्य खर्डेकरांचे गहाण सोडविले. ज्या बळासाठी दुसऱ्याने आपले घर अडकविले होते, त्याच बळाने त्यांनी ते घर मोकळे केले. पदक गळ्यात पडल्यावर मागची देणी विसरणारी माणसे आम्ही पाहिली आहेत. हा मल्ल विसरला नाही.

पुढील आयुष्य त्यांस सुखाचे गेले असे म्हणवत नाही. सन १९५५ मध्ये ते पोलिसांत उपनिरीक्षक म्हणून नोकरीस लागले. पोलीस खात्यात त्यांनी सुमारे २७ वर्षे सेवा केली, खात्यातील तरुणांस कुस्ती शिकविली, व साहाय्यक पोलीस आयुक्ताच्या पदावरून ते निवृत्त झाले. निवृत्तिवेतनासाठी त्यांस खेटे घालावे लागले. ज्याने आपले ऋण फेडले त्याचे ऋण फेडावयास इतरांस मात्र उशीर झाला. सन १९८२ मध्ये दिल्लीस आशियाई सामने भरले तेव्हा मशाल घेऊन धावणाऱ्यांत त्यांस स्थान देण्यात आले, एवढाच काय तो त्यांच्या डोळ्यांदेखत झालेला मोठा गौरव. दिनांक १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्त्यावरील अपघातात त्यांचा अंत झाला. त्या वेळी त्यांचे वय ५८ वर्षांचे होते. अर्जुन पुरस्कार त्यांस मरणानंतर, सन २००० चा म्हणून देण्यात आला. सन २०१० मध्ये दिल्लीतील राष्ट्रकुल सामन्यांच्या वेळी तेथील कुस्तीच्या सभागृहास त्यांचे नाव दिले गेले, आणि महाराष्ट्र सरकारने त्यांचा जन्मदिवस, १५ जानेवारी, हा राज्याचा क्रीडादिन ठरविला. गोळेश्वर येथील त्यांच्या घराचे नाव ऑलिंपिक निवास असे आहे.

ही हकिकत ऐकून त्या उंच मुलाने एक शंका काढली. खाशाबा ठेंगणे होते व आपण उंच; ते मल्ल, आपण चेंडू खेळणारे; मग त्यांचे उदाहरण आपणास कसे लागू पडावे? शंका रास्त होती. आम्ही त्यास इतकेच म्हणालो की हाडांची लांबी कोणाच्याही हाती नाही. ती जशी मिळाली तशी घ्यावयाची. ठेंगण्याने आपल्या ठेंगणेपणातून चपळाई काढली, उंचाने आपल्या उंचीखाली पायांचे बळ घालावे. पण बळ येण्याची वाट दोघांस एकच आहे: रोज थोडे अधिक कष्ट, पोटभर साधे अन्न, पुरेशी झोप, आणि वर्षे मोजण्याचा धीर. खेळांच्या शिक्षकांनी खाशाबांस पहिल्या दिवशी परत पाठविले होते, हेही त्याने विसरू नये.

आणखीही एक गोष्ट आम्ही त्यास सांगितली, व ती आमच्या खेड्यापाड्यांतील वाचकांसही सांगतो. मनुष्याच्या अंगावर चढलेले मांस त्याचे एकट्याचे नसते. आईने आपल्या वाट्याची भाकरी त्याच्या ताटात टाकलेली असते, बापाने जादा पाळी केलेली असते, कोणा शिक्षकाने त्याच्यासाठी शब्द टाकलेला असतो. खाशाबांच्या अंगात गोळेश्वरचे दूध होते, कऱ्हाडकरांची वर्गणी होती, आणि खर्डेकरांचे घर होते. त्यांस हे ठाऊक होते. म्हणूनच त्यांनी परत येताच प्रथम देणे चुकविले. ज्याने बळ मिळविले त्याने ते घरी पाण्याची हंडी उचलण्यास, म्हाताऱ्या शेजाऱ्यास दवाखान्यात नेण्यास, व धाकट्यांस शिकविण्यास लावावे. तेच त्याच्या ऋणाचे हप्ते होत.

आमच्या शिक्षकबंधूंस व उपदेशकांस आमची विनंती अशी आहे. तुमच्या गावात असा एखादा लांबोडा, लाजाळू मुलगा असेल, ज्यास सर्वजण काडीपैलवान म्हणून हसतात. त्यास हसू नका. गावात एक हौदा खणावयास, एका झाडास दोर बांधावयास, किंवा एका खांबास कडे ठोकावयास फार पैसा लागत नाही. संध्याकाळी दोन तास तुम्ही तेथे उभे राहा, व मुले घरी जाऊन काय खातात ह्याची विचारपूस करा.

द्रोणागिरीहून निघण्याच्या आदल्या सायंकाळी आम्ही पुन्हा त्या मैदानावर गेलो. तो मुलगा खेळ संपल्यावर भिंतीजवळ एकटाच बैठका काढीत होता, व त्याचा धाकटा भाऊ मोठ्याने आकडे मोजीत होता. डब्यासाठी साठविलेल्या पैशांचे काय केले असे आम्ही विचारले. त्याने घरी अंडी व शेंगदाणे नेले होते, आणि ते सर्वांसाठी नेले होते.